ठमाबाईची भवंड

पाटी डोक्यावर असते, पण मीठ मचव्यात जातं ते पायांच्या जोरावर, असं कोळव्याच्या मिठागरावरच्या बाया म्हणत. धरमतरच्या खाडीला भरती लागली की मुंबईला जाणारे मचवे बांधाला येऊन टेकत आणि बांधावरून मचव्यावर एक लांब फळी पडे. दोन पावलं शेजारी शेजारी ठेवता येतील एवढीच रुंद. खाली आधी चिखल, मग गढूळ पाणी. मिठाच्या पाट्या घेतलेल्या बाया एकीमागं एक त्या फळीवर चढत. फळी लवे, उसळे, परत लवे, आणि तिच्या त्या उसळीबरोबरच सगळ्यांची पावलं पडायला लागत. एकीचं पाऊल चुकलं की फळी उलटा हिसका देई आणि मागचीची पाटी गेलीच म्हणून समजा. यासाठी पुढं चालणारी बाई पारखून ठेवलेली असे. ती ठेका धरी. बाकीच्या तिच्या टाचांवर डोळे ठेवून चालत.

ठमाबाई ही कोळव्याची पुढची बाई होती. लग्न होऊन आली आणि दुसऱ्या-तिसऱ्या हंगामातच मुकादम बाळाजीनं तिला पुढं घातली ती घातली. काळी, उंच, हाडापेरानं दणकट बाई. तिच्या मागं चालणारी कमळ म्हणायची, "ठमीच्या टाचा बगत माजी निम्मी जवानी गेली. नवऱ्याचं त्वांड येवडं बगलं न्हाय मी."

मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. ठमाबाई राशीपाशी उकिडवी बसून पाटी भरत होती. सकाळपासून तिचा डावा कान बुजल्यासारखा होता, ओला कापूस कोंबावा तसा. ती मधूनच कानात करंगळी घालून हलवी. मग कानात घूं सुरू झालं. मोठ्या शंखाला कान लावावा तसा आवाज, पण शंख बाजूला ठेवता येतो, हा ठेवता येईना. तिनं मान वर केली आणि समोरची मिठाची रास कलली. कलली आणि फिरायला लागली. रास, बांध, मचव्याची डोलकाठी, आभाळ, सगळं एका बाजूनं धावत सुटलं. ठमाबाईनं दोन्ही हातांनी भुई धरली. भुईसुद्धा हातातून सुटून चालली. तिच्या तोंडून ओरडासुद्धा फुटला नाही. तिला वाटलं, मरण म्हणतात ते हेच.

मग ओकाऱ्या. बाया धावल्या.

"ऊन लागलं गो तिला! मिठाचं पानी आना, बिगीनं!"

मिठागरावर हे नवं नव्हतं. चैत्र-वैशाखात वर सूर्य आणि खाली पांढरं मीठ, माणूस दोन्हीकडून भाजतो. घाम पाठीवरच वाळून पांढऱ्या रेघा उमटतात. कुणी ना कुणी भोवंडून पडतंच, आणि त्यावर आजा-पणज्यापासूनचा एकच इलाज: मूठभर मीठ पाण्यात कालवायचं आणि नाक दाबून पाजायचं. वर एक खडा गालात धरायला द्यायचा. माणूस उठून कामाला लागतो. ठमाबाईला पाजलं. ती पडून राहिली, ओकली, परत पाजलं, आणि दिवस कलायच्या सुमाराला जग आपोआप थांबलं. ती कमळच्या खांद्याला धरून उठली. सगळ्या म्हणाल्या, मिठानं तारली.

पुढच्या अमावास्येच्या आत परत तेच. मग परत. ऊन नसताना, घरात निवांत बसलेली असताना, एकदा तर तांदूळ पाखडता पाखडता. दर वेळी आधी कान बुजे, मग शंख वाजे, मग भवंड. दर वेळी सासू सोनूबाई मिठाचं पाणी घेऊन धावे. ठमाबाईला त्या पाण्याचा एवढा भरवसा बसला की ती सकाळी उठल्यापासूनच एक खडा गालात धरून हिंडायला लागली. भाकरीबरोबर खारवलेले बोंबील, पेजेत ज्यादा मीठ, कामावर जाताना कमरेला खड्यांची पुरचुंडी. जेवढी भीती वाढे तेवढं मीठ वाढे.

आणि भीती वाढतच होती. भवंड येऊन जाई, पण ती नसतानाचे दिवस वाईट. सकाळी जाग आली की ठमाबाई डोळे उघडायच्या आधी भिंत चाचपून बघे, जागेवर आहे ना? विहिरीवर वाकायचं ती टाळू लागली. मान वळवून बघायचं सोडलं; कुणी हाक मारली की सगळं अंग घेऊन वळे. बांधावरून चालताना एकदा तिचा झोक गेला आणि तिनं चटकन बसून माती धरली, तर पलीकडून कुणीतरी ओरडलंच, "कुठली ताडी घेतलीस गो ठमे? आमाला बी सांग!" ती हसली. घरी येऊन आतल्या खोलीत रडली.

नवऱ्याला, धर्माला, तिनं अर्धंच सांगितलं.

"येते नि जाते. वारं असंल."

"फलीवर आली तं?" धर्मानं विचारलं. तो जाळं विणत होता, सुई थांबली.

"फलीवर न्हाय यायची."

"तुना काय देवीनं सांगून ठेवलंय?"

ठमाबाईच्याही पोटात तेच होतं. फळीवर आली तर? आपण पुढं. मागं कमळ, कमळच्या मागं सगळी रांग. हे तिला रोज वाटे, आणि रोज ती चुंबळ डोक्यावर ठेवून पुढं उभी राही. फळीवरून उतरलेल्या बाईला परत कोण पुढं घालतो? आणि पुढं नाही तर ठमाबाई कोण? घरात बसलेली, ताडी प्याल्यागत झोकांड्या खाणारी एक बाई.

पावसाळ्याआधीचा शेवटचा मचवा भरायचा होता. आभाळ आलेलं, मुकादमाची घाई. त्या दिवशी उठल्यापासून ठमाबाईचा कान गच्च होता. गालात तिनं दोन खडे धरले होते. बांधावर उभी राहून ती बाळाजीला म्हणाली, "मुकादम, आज मना मागं ठेवता का?"

"का? म्हातारी झाली काय?" बाळाजी हसला. "चल गो, पुढं हो. पाऊस काय तुज्यासाटी थांबनार हाय?"

तिनं तिथंच सांगायला हवं होतं. जिभेवर शब्द आला होता, पण मागं सगळ्या बाया पाट्या घेऊन उभ्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे तिच्या टाचांवर. ती चढली.

फळीच्या मध्यावर पोचायच्या आतच शंख वाजला. समोरची डोलकाठी सावकाश आडवी झाली. ठमाबाईनं पाटी टाकली, फळीवर पालथी पडली आणि दोन्ही हातापायांनी फळीला मिठी मारली, विंचरणीला ऊ चिकटावी तशी. फळीनं उलटा हिसका दिला. मागून कमळची किंकाळी ऐकू आली आणि मग चिखलात काहीतरी जड पडल्याचा आवाज. ठमाबाईनं डोळे उघडले नाहीत. फळी फिरत होती, खाडी फिरत होती, आणि बाया कमळचं नाव घेऊन ओरडत होत्या. तिला खेचून बांधावर आणलं तेव्हा तिची नखं लाकडात रुतून तुटली होती.

कमळ जगली. कमरेएवढ्या चिखलात उभी पडली म्हणून जगली. पण मनगट मोडलं.

त्यानंतर गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? कुणी म्हणालं, खाडीत बुडून मेलेली बाई तिला ओढते. कुणी म्हणालं, मिठाच्या राशीवर पाय दिला असंल. बाळाजीनं तिला घरी येऊन सांगितलं, "पावसाळा जाऊं दे. मंग बगू." आणि जाताना धर्माला दाराबाहेर नेऊन म्हणाला, "तिच्यामागं कोन चालायला तयार न्हाय रं. मी तरी काय करू?" ठमाबाईचा उजवा कान चांगला होता. तिनं ऐकलं.

भगत झाला. त्यानं तांदळाचे दाणे टाकले, लिंबू कापलं, मीठ-मोहरी उतरून चुलीत टाकली. भवंड आली तशी आली. शेवटी सोनूबाईनं पदर कमरेला खोचला.

"भगताचं राहू दे. एकवीरा आयला नवस कर. चातुर्मास काय तरी सोड. पन सोडायचं तं जिवाचं सोड. वांगं सोडलं नि कांदा सोडला, त्यानं देवी फसते काय?"

"काय सोडू, आय?"

सोनूबाईनं सुनेच्या गालाकडं बघितलं. गालात खडा होता. "मीठ."

ठमाबाई घाबरली. ज्या एका गोष्टीनं ती आजवर उठून बसत होती तीच काढून घ्यायची? पण सासू देवीपुढं नारळ ठेवून बोलून चुकली होती.

कमळ बघायला आली, हात बांबूच्या कांबीत बांधलेला. ठमाबाई तिच्यापुढं मान वर करीना. कमळनं पेजेचं वाडगं उचलून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अगो बाय! मिठासाटी मानसं तुरुंगात गेली, नि तू मिठागरवाली होऊन मीठ सोडतंस?"

"तुजा हात—"

"हात ऱ्हाईल. माजा नवरा आता सोताची भाकर सोता थापतो, ते बग आदी येऊन. गोल एक बी न्हाय." ती हसली, पण जायला उठताना थांबली. "ठमे, तुना आदी कलत होतं ना? कान भरतो ते?"

"होतं."

कमळ काही न बोलता गेली. ठमाबाईला त्या न बोलण्याची भीती वाटली, भवंडीएवढीच.

अळणी जेवण म्हणजे भिंत चाटणं. पहिले काही दिवस घास तिच्या तोंडात फिरे आणि डोळ्यांतून पाणी येई. सोनूबाई म्हणे, रडू नको, तेवडंच मीठ पोटात जाईल. आषाढात एकदा भवंड आली, पण हलकी. सोनूबाईनं पाण्यात मीठ घातलं नाही, नवस मोडला असता म्हणून. श्रावणात कान मोकळा व्हायला लागला. ठमाबाईचा विश्वास बसेना. ती रोज वाट बघे, आज येईल, उद्या येईल. लावणीला ती बिचकत उतरली होती, हात चिखलात आणि जीव मुठीत. कापणीला ती सगळ्यांबरोबर वाकली आणि सगळ्यांबरोबर सरळ झाली. भात कापून होईस्तोवर भवंड आली नाही. डाव्या कानानं ऐकू कमीच येत होतं, पण घूं नव्हतं. गावानं हात जोडले. देवी पावली.

कार्तिकी एकादशीनंतर नवस सुटला. सोनूबाईनं देवीला नारळ फोडला आणि गोतावळ्याला जेवायला बोलावलं. सुकटीचं कालवण, खारवलेली घोळ मासळी, वर मिठाची चिमूट वाढलेली. ठमाबाई जेवली. काय जेवली! बाया हसून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही उरलंसुरलं तिनंच संपवलं. तिसऱ्या दिवशी झाडलोट करताना तिनं झाडू थांबवला आणि कानात करंगळी घातली.

कान गच्च होता.

ती मटकन खाली बसली. भवंड यायच्या आधीच तिचे दात वाजायला लागले. आणि मग ती आली, आजवर आली नव्हती अशी. ठमाबाई जमिनीवर पडली आणि जमीन तिला झाडून टाकू लागली. डोळे मिटले तरी अंधार फिरत होता. शेजारच्या बाया जमल्या. कुणी म्हणालं, नवस नीट फिटला नाही. कुणी म्हणालं, देवी कोपली. सोनूबाई चुलीकडं धावली आणि तांब्या घेऊन आली. तांब्याची कड ओठाला लागली आणि खारट वास नाकात शिरला.

ठमाबाईनं दात गच्च आवळले.

"पी गो! बरं वाटंल."

"नको."

"पी म्हंते ना!"

"आय, मीठ नको." डोळे मिटलेलेच. "मिठानंच होतंय मना."

मिठाला लक्ष्मी म्हणणारं घर ते. तिन्हीसांजेला मिठाचं नावसुद्धा घ्यायचं नाही, खडा सांडला तर बोटानं टिपून कपाळाला लावायचा. सोनूबाईनं तांब्या खाली ठेवला.

"ह्याच मिठानं तुजा नवरा वाडला," ती म्हणाली. "बोलू नको असं. बोलू नको."

ठमाबाईला भवंडीपेक्षाही आपल्या तोंडून निघालेल्या शब्दाची धास्ती पडली. खरं असलं तर? मिठागरावर राहून, मिठाचं काम करून, मीठच बाधत असलं तर माणसानं जायचं कुठं? आणि खोटं असलं तर देवीचा कोप खरा. दोन्हीकडं खाईच. बसती झाल्यावर तिनं धर्माला म्हटलं, "मना पेनला डागदराकडं न्या. मना कुनीतरी सांगाया पायजे."

पेणच्या बाजारपेठेमागं एक डॉक्टर बसत. वयानं बेताचे, अंगावर मळकट कोट, मुंबईच्या इस्पितळात काही वर्षं कानाच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केलेले. त्यांनी एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटून तिच्या कानाशी धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. उजव्या बाजूला गुणगुण ऐकू आली, डाव्या बाजूला जेमतेम.

"कान आधी बुजतो का? मग आवाज, मग चक्कर?"

ठमाबाईनं दचकून धर्माकडं बघितलं. हे तिनं सांगितलं नव्हतं.

"व्हय."

"कानाच्या आत, हाडात, पाणी असतं, बाई. माणूस तोल सांभाळतो तो त्या पाण्यावर. तुमचं ते पाणी फुगतं. भूत नाही, वारं नाही. जेवणात काय असतं?"

तिनं सांगितलं. बोंबील सांगितले, पेज सांगितली, गालातला खडा सांगितला, तांब्यातलं पाणी सांगितलं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. मग तिनं अडखळत नवस सांगितला, आणि नवस सुटल्यावरचं सांगितलं.

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "परदेशात असल्या रोग्यांचं मीठ तोडून बघताहेत, असं मी वाचलंय. गुण येतो म्हणतात. मी स्वतः अजून कुणाचं तोडलेलं नाही. तुमचं मात्र तोडा. खारी मासळी नाही, लोणचं नाही, खडा नाही. चक्कर आलीच तर पडून राहा, एका जागी नजर धरा, आणि मिठाचं पाणी कुणाला पाजू देऊ नका."

"डागदरसायब," धर्मा म्हणाला, "आमी मीठ पिकवतो."

"पिकवा की. मी औषधं विकतो, म्हणून रोज पितो काय?"

धर्माला हसू आलं. ठमाबाईला आलं नाही. "म्हंजे बरी व्हईन ना?"

"कान गेला तो गेला. चक्कर कमी होईल. कधीच येणार नाही असं मी सांगणार नाही. आणि घरात बसू नका, तोल बसून परत येत नाही. रोज चाला. पायांना आणि डोळ्यांना ते काम शिकवा, म्हणजे कानानं दगा दिला तरी ते धरतील."

घरी सोनूबाईनं दोन दिवस तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी चुलीवर एक लहान मडकं वेगळं चढलं. "देवीनं मीठ सोडवलं तवाच तिनं सांगितलं होतं," ती कुणालाच न सांगता भांड्यांना सांगत होती, "आमीच बांदलं परत." ठमाबाईला हे पटलं की नाही कोण जाणे, पण तिनं ते मडकं कपाळाला लावलं.

त्या हिवाळ्यात ती रोज बांधावरून चालली. आधी धर्माचा दंड धरून, मग एकटी. नजर लांबच्या एखाद्या डोलकाठीवर. दोनदा भवंड आली. दोन्ही वेळा तिनं बांधावरच आडवं होऊन गवताच्या एका काडीवर डोळे खिळवले आणि ती ओसरेपर्यंत काडी सोडली नाही. लोक बघत होते. बघू देत.

हंगामाचा पहिला मचवा लागला तेव्हा ती चुंबळ घेऊन बांधावर आली. पुढं आता कमळ चाले. तिचं मनगट जरासं वाकडंच जुळलं होतं. बाळाजीनं डोकं खाजवलं.

"ठमे, आता कसं करायचं?"

"मना शेवटाला ठेवा, मुकादम. माज्या मागं कोन नको."

बाळाजीनं कमळकडं बघितलं.

"यील की ती," कमळ म्हणाली. "पन ठमे, माज्या टाचांवर नजर ठेवू नको हां. लय फुटल्यात."

एक बाई फिसकन हसली. रांग फळीवर चढली. सगळ्यात शेवटी ठमाबाईनं पाऊल ठेवलं आणि फळी तिच्याखाली लवली. तिचे पाय ओळखत होते ते. भीती मात्र गेली नव्हती. तिनं नजर डोलकाठीच्या टोकावर टाकली आणि तिथंच ठेवली. फळी उसळली की पाऊल, लवली की थांब.

मध्यावर कानात घूं झालं.

ती थांबली. पुढच्या बाया मचव्यावर उतरत होत्या; फळीवर ती एकटी राहिली. घामाची धार मणक्यावरून खाली गेली. बसावं? बसली असती तरी आज कुणी पडणार नव्हतं. तिनं डोलकाठी सोडली नाही. डोलकाठी हलली नाही. मचव्याबरोबर हलली तेवढीच, दर लाटेला जरा इकडं, जरा तिकडं. आवाज होता, पण जग जागेवर होतं. कमळ मचव्यावरून तिच्याकडं बघत होती.

ठमाबाईनं फळीच्या उसळीची वाट बघितली आणि पाऊल टाकलं. मग दुसरं. मचव्याच्या कडेला आल्यावर तिनं पाटी ओतली. मीठ खाली खळखळत गेलं. परतीची फळी वेगळी होती, तितकीच अरुंद. तिच्यावर पाय ठेवताना ती परत घाबरली, अगदी तेवढीच. बांधावर उतरली, राशीपाशी गेली आणि फावडं मारणाऱ्या गड्याला म्हणाली, "भर रं. काठोकाठ नको, पन भर."